आजोबांची राख आणि भट्टीतले गोटे

अमेरिकेत माणसाचं दहन झालं की काही दिवसांनी घरच्यांच्या हाती एक डबा पडतो. बहुधा प्लॅस्टिकचा. आत जाड पारदर्शक पिशवी आणि सोबत क्रमांक कोरलेली धातूची चकती. पिशवीत दोन ते तीन किलो करडी-पांढरी पूड असते. लाकडाची राख फुंकरीने उडते, ही तशी उडत नाही. वाळूसारखी जड आणि खरखरीत लागते, चिमटीत धरली तर मधूनच एखादा टोकदार कण बोटाला टोचतो. कारण ही पूड म्हणजे हाडं आहेत. 800 ते 1000 अंश सेल्सिअसच्या भट्टीत दीड-दोन तासांत रक्त, मांस, कातडी सगळ्याची वाफ आणि वायू होऊन ते धुराड्यातून निघून गेलेलं असतं. मागे उरतात ते हाडांचे ठिसूळ पांढरे तुकडे, आणि ते यंत्रात घालून दळलेले असतात.

आपल्याकडे हे दळणं नाही. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेली माणसं विझलेल्या चितेतून हाताने अस्थी वेचतात. दात ओळखू येतो, मणका ओळखू येतो. वेचलेल्या अस्थी मग रामकुंडात, चंद्रभागेत नाहीतर गावच्या नदीत जातात. अस्थींचं करायचं काय, हा प्रश्न मराठी घरात फार दिवस रेंगाळत नाही. गुरुजी, भाऊबंद आणि रीतभात मिळून तो परस्पर सोडवतात. अमेरिकेत मात्र तो डबा कपाटात जातो. फेकता येत नाही, उघडवत नाही, कुणाला दाखवताही येत नाही. घर बदललं की सामानाबरोबर तोही नव्या कपाटात जातो. एका तरुण सिरॅमिक कलावंताने नेमकं या कपाटाकडे पाहिलं आणि त्यातून एक उद्योग उभा केला. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे ती त्यातल्या रसायनासाठी.

जस्टिन क्रो हा न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे शहराचा. जरा चक्रम डोक्याचा कलावंत म्हणावा असा. 2015 साली त्याने आणि त्याच्या एका साथीदाराने फायबरग्लासचा एक नकली हात बनवला होता. सेल्फी काठीच्या जागी तो हात धरायचा, म्हणजे फोटोत आपण एकटे नाही, कुणीतरी आपला हात धरलाय असं दिसावं. एकटेपणाची ती टिंगल होती, आणि टिंगलीच्या खाली थोडी कळकळही होती. त्याच्या आदल्या वर्षी, 2014 मध्ये, त्याचे आजोबा गेले होते. मरण आपल्या समाजात रोजच्या जगण्यापासून इतकं दूर का ठेवलेलं असतं, हा प्रश्न त्याला तिथून लागला.

त्याने उत्तर शोधलं ते मातीत. मानवी हाडांच्या विक्रीवर अमेरिकेत सरसकट बंदी नाही, त्यामुळे ती विकणारे व्यापारी तिथे आहेत. त्यांच्याकडून क्रोने हाडं घेतली, सुमारे 200 माणसांची. ती जाळून, दळून त्याने त्यांची झिलई केली, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यावर जो काचेसारखा तकाकणारा थर असतो तो. आणि त्या झिलईची जेवणाची भांडी बनवली. वाचताना अंगावर काटा येतो, तो यावा अशीच त्याची इच्छा होती. पण लोकांकडून आलेली मागणी त्याने अपेक्षिली नव्हती. माझ्या आईच्या राखेचा असा पेला करून द्याल का, असं लोक विचारू लागले. 2016 मध्ये त्याने तेवढ्यासाठी छोटी कंपनीच काढली. घरचे राख पाठवायचे, तो तिची झिलई लावून कॉफीचा मग, वाडगा, पणती घडवून परत पाठवायचा.

इथे थोडं थांबून हाडाकडेच नीट पाहायला हवं, कारण या सगळ्या खटाटोपाचा खरा नायक तेच आहे.

वाळलेल्या हाडाचा साधारण एक तृतीयांश भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा आणि दोन तृतीयांश खनिजाचा. या खनिजाचं नाव हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. कॅल्शियम, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडा हायड्रोजन एवढाच त्याचा संसार. याच घराण्यातलं अ‍ॅपेटाइट खडकांत सापडतं, खाणीतून काढतात आणि त्याची खतं करतात. म्हणजे आपण प्रत्येक जण दोन-तीन किलो दगड अंगात घेऊन हिंडत असतो, आणि तो दगड आपण स्वतः, ज्वारीच्या भाकरीतून, दुधातून, नाचणीच्या आंबिलीतून कणाकणाने जमवलेला असतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात जवळपास एक किलो कॅल्शियम असतं. शिवाय हा दगड स्थिर नाही. शरीर दरवर्षी सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा मोडून पुन्हा बांधतं. त्यासाठी त्याने या खनिजाचे स्फटिक अतिशय बारीक ठेवलेले असतात, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शात मोजावेत इतके. मोठा स्फटिक विरघळवायला जड, बारीक स्फटिक सोपा. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर हाडांच्या पेढीतून ते काढून घेतं ते याच सोयीमुळे.

आता हे हाड आगीत घाला. कोलॅजेन आधी जळून काळं पडतं, म्हणून हाड काळं होतं. मग तो कोळसाही जळतो, हाड राखाडी होतं आणि साधारण 700-800 अंशांच्या वर पांढरंशुभ्र. खनिज मात्र जळत नाही. ते वितळायला 1600 अंशांहूनही जास्त उष्णता लागते, आणि तेवढी ना चितेत असते ना दाहिनीत. उलट उष्णतेने त्याचे बारीक स्फटिक वाढून मोठे होतात. म्हणजे आपण जिला माणसाची राख म्हणतो ती कच्ची चिनी मातीच आहे. आगीतून एकदा गेलेली, दुसऱ्या आगीसाठी तयार असलेली.

कुंभारांना हे अडीचशे वर्षांपासून ठाऊक आहे. लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्यात थॉमस फ्राय याने 1740 च्या दशकाच्या अखेरीस चिनी मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळायला सुरुवात केली. पुढे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने ती कृती पक्की केली आणि बोन चायना जन्माला आली. या भांड्यांच्या मातीत जवळपास निम्मी राख असते, बैलांच्या हाडांची. उजेडासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसावीत इतका पातळ कप त्या राखेमुळे करता येतो. आपल्याकडची कित्येक शाकाहारी घरं बोन चायना उंबऱ्याच्या आत घेत नाहीत ती उगाच नव्हे. आणि कुंभारांच्या पाठोपाठ, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, हाडाने दिवे आणि चुली पेटवल्या आहेत: स्वीडनमध्ये शेले आणि गान यांनी 1770 च्या सुमारास हाडांतून फॉस्फरस काढण्याची रीत दाखवली, आणि पुढे आगकाड्यांच्या गुलात गेला तो हाच हाडांचा फॉस्फरस.

तेव्हा क्रोची झिलई रसायनशास्त्राच्या दृष्टीने नवी नव्हती. अडचण वेगळीच निघाली. एका मगाच्या झिलईला चार-दोन चमचे राख पुरते. बाकीची दोन-अडीच किलो पुन्हा डब्यात, डबा पुन्हा कपाटात. घरच्यांना एक सुंदर पेला मिळायचा, पण मूळ प्रश्न जिथल्या तिथे. क्रोने हे प्रामाणिकपणे ओळखलं, हे मला त्याचं सगळ्यात मोठं कसब वाटतं. आपला धंदा बरा चालला असताना आपण गिऱ्हाइकाची खरी गरज भागवतच नाही, हे कबूल करणारे उद्योजक फार नसतात. लोकांना एक शोभेची वस्तू नको होती. त्यांना सगळीच्या सगळी राख अशा रूपात हवी होती की ती हातात घेता येईल.

सांता फेपासून तासाभराच्या अंतरावर लॉस अ‍ॅलामॉस आहे. पहिला अणुबॉम्ब जिथे घडला ते. ती राष्ट्रीय प्रयोगशाळा आजही चालू आहे, आणि न्यू मेक्सिकोत एक शहाणपणाची सरकारी योजना आहे: राज्यातल्या छोट्या उद्योजकाला तांत्रिक अडचण आली तर प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ त्याला मोफत मदत करतात आणि त्या बदल्यात प्रयोगशाळेला करात सूट मिळते. क्रो तिथे पोचला. अण्वस्त्रांच्या संस्थेतले पदार्थवैज्ञानिक त्याच्याबरोबर माणसाच्या राखेचा दगड कसा करायचा यावर काम करू लागले. 2019 मध्ये त्यातून 'पार्टिंग स्टोन' ही कंपनी सुरू झाली.

कृती ऐकायला साधी आहे. राख आणखी बारीक, पिठासारखी करायची. त्यात अगदी थोडा बांधणारा पदार्थ आणि पाणी घालून चिखल मळायचा. चिखलाचे गोटे वळायचे, वाळवायचे, भट्टीत भाजायचे आणि मग घासून गुळगुळीत करायचे. जादू घडते ती भट्टीत. वितळण्याच्या बरंच आधीच कण एकमेकांना जिथे टेकलेले असतात तिथे अणू इकडून तिकडे सरकतात, सांध्याशी मान तयार होते, मधल्या पोकळ्या आक्रसतात आणि सुटी पूड एकसंध होते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा कुणी न वितळवताही खडा होतो, ते दृश्य आठवावं. कारण निराळं, दमट हवा. पण सुट्या कणांनी एकमेकांना धरून दगड होणं तेच. गोटा बाहेर येतो तो पाण्यात विरत नाही, हाताला पूड लावत नाही, खिशात ठेवता येतो.

एका प्रौढ माणसाचे साधारण 40 ते 80 गोटे होतात. अंगठ्याएवढ्यापासून तळहातभर आकाराचे, नदीकाठी सापडतात तसे. काम व्हायला दोन-अडीच महिने लागतात आणि खर्च सुमारे अडीच हजार डॉलर, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. कुत्र्या-मांजरांचेही करून देतात, ते अर्थातच कमी भरतात आणि स्वस्त पडतात.

आणि रंग. प्रत्येकाचे गोटे वेगळे निघतात. बरेचसे दुधाळ पांढरे, पण कुणाचे फिकट निळसर, कुणाचे हिरवट, कुणाचे करडे, कुणाचे वाळूच्या रंगाचे. कारागीर रंग घालत नाहीत. अ‍ॅपेटाइटचा स्फटिक हा मोठा पाहुणचारी असतो. कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम आलं तरी चालतं, फॉस्फरसच्या जागी दुसरं काही बसलं तरी चालतं. आयुष्यभर अन्नापाण्यातून आलेली धातूंची सूक्ष्म मात्रा तो आपल्या जाळ्यात घेऊन बसतो. ही मात्रा रंगाचा काय चमत्कार करू शकते याचं नामी उदाहरण फ्रान्समध्ये आहे. तिथल्या नैर्ऋत्य भागात हत्तीच्या नामशेष भाऊबंदांचे, मॅस्टोडॉनचे, सव्वा कोटी वर्षांहून जुने सुळे मिळतात. मध्ययुगातले मठवासी ते पांढरट सुळे भट्टीत तापवायचे आणि त्यांचे फिरोजासारखे निळे खडे व्हायचे; धार्मिक वस्तूंवर ते जडवलेले आहेत. निळा रंग येतो कुठून, याचा उलगडा अलीकडे, एकविसाव्या शतकाच्या तोंडावर झाला. जमिनीत पुरलेल्या सुळ्याने किंचित मँगनीज शोषलेलं असतं. हवेत 600 अंशांच्या वर तापवलं की ते मँगनीज इलेक्ट्रॉन गमावतं आणि अ‍ॅपेटाइटमध्ये फॉस्फरसच्या जागी जाऊन बसतं, आणि पांढरा सुळा निळा होतो. दहा हजारांत काही कण एवढ्या मात्रेने हे घडतं.

राखेला घट्ट रूप देणारा क्रो पहिलाच नव्हे. दक्षिण कोरियात इचॉन गावी बे जे-युल या उद्योजकाने त्याच्या कितीतरी आधी राखेचे मणी करायला घेतले होते. दफनाला जागा अपुरी पडू लागल्यावर कोरियन सरकारने 2000 साली कायदा केला की नव्या कबरी 60 वर्षांनंतर हलवाव्या लागतील, आणि लोक दहनाकडे वळले. बेचे मणीही निळे-हिरवे, क्वचित गुलाबी, जांभळे, काळे. फ्लोरिडात डॉन ब्रॉली याने 1998 मध्ये सासऱ्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख काँक्रीटच्या पोकळ घुमटात मिसळली आणि तो घुमट माशांना घर म्हणून समुद्रात सोडला. पुढे तोच त्याचा व्यवसाय झाला. टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये ॲडेल आर्चरने आपल्या मार्गदर्शक मैत्रिणीच्या मृत्यूनंतर 2017 साली 'एटर्नेवा' काढली. ती कंपनी राखेतल्या कार्बनपासून प्रयोगशाळेत हिरा वाढवते.

हिऱ्याबद्दल माझं मन जरा साशंक आहे. कार्बन तर दाहिनीतच वायू होऊन गेलेला असतो. हाडांच्या खनिजात कार्बोनेटच्या रूपाने थोडासा उरतो तेवढाच. एक कॅरेट म्हणजे फक्त 0.2 ग्रॅम, त्यामुळे थोडक्यात भागतं हे खरं. पण मग हिरा कपाटाचा प्रश्न मगाइतकासुद्धा सोडवत नाही: सगळा डबा तसाच राहतो. क्रोच्या गोट्यांना चकाकी नाही, पण त्यांत डब्यातलं सगळं येतं. या स्पर्धेत मी गोट्यांच्या बाजूने आहे.

या धंद्याचं खरं भांडवल मात्र भट्टी नव्हे, विश्वास आहे. 2002 मध्ये जॉर्जिया राज्यात नोबल गावच्या एका दहनगृहाच्या आवारात तीनशेहून अधिक न जाळलेले मृतदेह सापडले. कित्येक घरांना राख म्हणून सिमेंटची पूड दिली गेली होती. अमेरिकेत लोक हे प्रकरण अजून विसरलेले नाहीत. म्हणून ती क्रमांकाची चकती मृतदेहाबरोबर भट्टीतही जाते आणि राखेबरोबर परत येते, म्हणून एका वेळी एकाच माणसाच्या राखेवर काम होतं. आणि म्हणूनच, मला वाटतं, प्रत्येकाचा वेगळा रंग ही क्रोला लागलेली लॉटरी आहे. तो रंगच सांगतो की हे गोटे कुठल्यातरी सामाईक पोत्यातले नाहीत.

अमेरिकेत हा बाजार आत्ताच का फुलला? कारण दहन तिथे नवीन आहे. आधुनिक पद्धतीचं पहिलं दहन पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावी 6 डिसेंबर 1876 रोजी झालं. ते घडवून आणणाऱ्यांत कर्नल ऑल्कट होते, थिऑसॉफिकल सोसायटीचे. तेच पुढे 1879 मध्ये मुंबईत येऊन उतरले. युरोपलाही धडा मिळाला होता, तो एका मराठी चितेने: कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले आणि आर्नो नदीच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. तिथली त्यांची छत्री आजही उभी आहे. तरीसुद्धा 1960 मध्ये अमेरिकेत शंभरातल्या चार जणांचंही दहन होत नव्हतं. आज साठाच्या वर होतं. दोन पिढ्यांत माणसांनी पुरणं सोडलं आणि जाळणं धरलं, पण जाळल्यानंतर काय करायचं याची रीत काही सोबत आली नाही. ती रिकामी जागा आता उद्योजक भरतायत.

आपल्याकडे दोन्ही धारा जुन्या आहेत. एकीकडे देह पुरता विसर्जित करून फक्त प्रतिमा जवळ ठेवायची. देवघरातले चांदीचे टाक पाहा, त्यांत कुलदेवतांच्या शेजारी घरातल्या गेलेल्या माणसाचाही टाक असतो, आणि धुळवडीला नाशकात हे टाक 'वीर' म्हणून वाजतगाजत गोदावरीवर जातात. दुसरीकडे अस्थी जपणारी बौद्ध परंपरा, नागपूरच्या दीक्षाभूमीपासून गोराईच्या पॅगोडापर्यंत. आता तिसरीही दिसते: नदी नको म्हणून शेतात रक्षा पुरून वर झाड लावणारी गावं. विचार उत्तम, फक्त रसायन ध्यानात असू द्या. हाडांची राख विलक्षण अल्कधर्मी असते, सामू 11-12 पर्यंत जातो, आणि तिच्यात क्षारही भरपूर. रोपाच्या मुळाशी ढीग घातला तर रोप मरतं. ती मोठ्या क्षेत्रात पातळ पसरा, भरपूर माती आणि शेणखतात मिसळा.

आणि परदेशातून आई-वडिलांच्या अस्थी गावच्या नदीसाठी आणणाऱ्यांना एक सूचना. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वाणिज्य दूतावासाचं पत्र हातातल्या पिशवीत ठेवा. डबा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा घ्या. धातूच्या कलशातून क्ष-किरण आरपार जात नाहीत, अमेरिकी विमानतळावरचे कर्मचारी तो उघडून बघत नाहीत, अगदी तुम्ही विनंती केलीत तरी, आणि मग तो विमानात नेऊ देत नाहीत.